बाल-हृदय आयसीयूतलं प्रशिक्षण वर्ष: काय आधी शिकायचं, काय नंतर

मोठ्यांच्या आयसीयूत दोन-तीन वर्षं काढलेली स्टाफ नर्स बाल-हृदय विभागात शिकायला येते, तेव्हा तिचा हात बसलेला असतो आणि घोळ नेमका तिथेच होतो. सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) कमी दिसलं की ऑक्सिजन वाढवायचा, लाईन (औषधाची नळी) अडल्यासारखी वाटली की फ्लश मारायचा, म्हणजे सिरिंजने सलाईन ढकलायचं, सापडेल त्या हातात बीपी घ्यायचं. मोठ्यांमध्ये खपून जाणाऱ्या या सवयी इथे बाळाच्या जिवावर येतात. शिकण्याचा क्रमही बहुधा उलटा असतो: आधी मशीन, मग औषधं, आणि रक्त कुठून कुठे जातं ते परीक्षेच्या आदल्या आठवड्यात. खाली तो क्रम सरळ करून दिला आहे.

आकडेमोडीसाठी सगळीकडे ४ किलोचं बाळ धरलं आहे. तुमच्या युनिटचा लेखी प्रोटोकॉल वेगळं सांगत असेल, तर प्रोटोकॉल खरा.

## टप्पा १: कोर्स निवडणं आणि कागदपत्रं

कोर्सच्या नावात ‘बाल-हृदय’ शोधत बसू नका. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या चौकटीत इथपर्यंत येण्याचे तीन मुख्य रस्ते आहेत.

१. एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा: कार्डिओथोरॅसिक, नवजात किंवा क्रिटिकल केअर नर्सिंग. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बी.एस्सी. नर्सिंग, कौन्सिलची नोंदणी आणि किमान एक वर्षाचा अनुभव लागतो.

२. दोन वर्षांची एम.एस्सी. नर्सिंग: बालआरोग्य, किंवा मेडिकल-सर्जिकलमधली हृदय व छाती ही शाखा.

३. दोन वर्षांचा नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर: हा रेसिडेन्सी पद्धतीचा कोर्स आहे, म्हणजे बहुतेक वेळ बेडजवळ. बी.एस्सी. नर्सिंग हवं.

काही मोठी रुग्णालयं स्वतःची फेलोशिप किंवा सर्टिफिकेट कोर्स चालवतात. शिकायला ते उत्तम असतात. पण कौन्सिल ते अतिरिक्त पात्रता म्हणून नोंदवेल का, हे फी भरण्याआधी लेखी विचारा.

प्रवेश घेताना कॉलेजला चार प्रश्न विचारा. बाल-हृदय आयसीयूत पोस्टिंग किती महिन्यांची? एक वर्षाखालच्या बाळांच्या शस्त्रक्रिया तिथे नियमित होतात का? कॅथलॅब, एको आणि ओटीत पाठवतात का? बाँड किती वर्षांचा? पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘गरजेप्रमाणे’ असं आलं, तर वर्षभर तुम्ही मोठ्यांच्या बायपासचे पेशंट सांभाळाल असं समजा.

इथे अडतं: अनुभवाच्या दाखल्यावर विभागाचं नाव आणि रुजू व कार्यमुक्त झाल्याच्या तारखा नसतात, म्हणून अर्ज परत येतो. दुसऱ्या राज्यात जायचं असेल तर तिथल्या कौन्सिलची नोंदणी लागते. त्यासाठीची एनओसी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून काढायला वेळ जातो, तेव्हा तो अर्ज प्रवेश पक्का होण्याची वाट न पाहता आधीच करा.

## टप्पा २: पहिले सहा आठवडे फक्त रक्ताचा रस्ता

ओव्हर घेण्याआधी, म्हणजे आधीच्या टीमकडून पेशंट ताब्यात घेण्याआधी, आपल्या बाळाचं हृदय कागदावर काढायचं: चार कप्पे, दोन मोठ्या धमन्या, लाल आणि निळं पेन. चित्र सुंदर नको, बाण बरोबर हवेत. मग तीन प्रश्नांची उत्तरं त्याच कागदावर लिहायची:

१. लाल आणि निळं रक्त कुठे मिसळतं का?

२. फुप्फुसात रक्त कोणत्या वाटेनं जातं? नेहमीच्या वाटेनं, डक्टसमधून (महाधमनी आणि फुप्फुसाची धमनी जोडणारी जन्माआधीची नळी), शंटमधून (सर्जनने बसवलेली नळी), की थेट शिरेतून?

३. म्हणून या बाळाचं सॅच्युरेशन किती असायला हवं?

तिसऱ्या उत्तरावर बाकीची शिफ्ट उभी असते. व्हीएसडी (खालच्या दोन कप्प्यांमधलं छिद्र) पूर्ण बंद केलेल्या बाळात ९५ च्या वर अपेक्षित आहे. बीटी शंट (हाताकडे जाणाऱ्या धमनीतून फुप्फुसाच्या धमनीत रक्त नेणारी नळी) केलेल्या बाळात साधारण ७५ ते ८५. ग्लेन शस्त्रक्रियेनंतरही (वरच्या शरीरातलं निळं रक्त थेट फुप्फुसात) त्याच आसपास. फोन्टाननंतर (खालच्या शरीरातलंही थेट फुप्फुसात) नव्वदीत, आणि त्या वाटेत मुद्दाम छिद्र ठेवलं असेल तर थोडं खाली. हा आकडा डॉक्टरांकडून रोज लिहून घ्या आणि मॉनिटरचे अलार्म त्याप्रमाणे लावा. आदल्या पेशंटचे अलार्म तसेच राहणं ही फार नेहमीची चूक आहे.

सावधान: शंटवरच्या बाळाचं सॅच्युरेशन ९४ झालं तर खूश होऊ नका. ऑक्सिजनने फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्त तिकडे धावतं आणि शरीराच्या वाट्याला कमी येतं. डायस्टोलिक बीपी उतरतं, लॅक्टेट (शरीराला रक्त कमी पडल्याची रक्तातली खूण) चढतं, लघवी कमी होते, आणि मॉनिटरवर मात्र झकास ९४ दिसत असतं. ऑक्सिजन हे इथे मात्रा असलेलं औषध आहे. विचारल्याशिवाय वाढवायचा नाही आणि सोयीसाठी चालूही ठेवायचा नाही.

बीपी कुठल्या हातात हेसुद्धा याच कागदावरून ठरतं. उजवीकडचा बीटी शंट असेल तर उजव्या हातातलं बीपी खोटं कमी येतं. कोआर्क्टेशनमध्ये (महाधमनी एका जागी अरुंद असणं) उजवा हात आणि एक पाय, दोन्हीकडे घ्यायचं आणि फरक लिहायचा.

## टप्पा ३: वजन, डायल्यूशन आणि दशांश चिन्ह

प्रशिक्षणातला सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. या विभागात दशांश चिन्ह एक घर सरकलं की औषध दहापट होतं.

आधी वजन ठरवा. केसपेपरवर एक, ओटी शीटवर दुसरं आणि आज सकाळचं सुजेसकट तिसरं असं बऱ्याचदा असतं. औषधांसाठी शस्त्रक्रियेआधीचं वजन धरतात. ते एकदा ठरलं की बेडच्या डोक्याशी मोठ्या अक्षरात लावा. पुढची प्रत्येक गणती त्यावरच.

५० मिलीच्या सिरिंजसाठी डायल्यूशनची, म्हणजे औषध किती पातळ करायचं याची, ही सूत्रं पाठ हवीत:

- ॲड्रेनॅलिन, नॉरॲड्रेनॅलिन: वजन × ०.३ मिलिग्रॅम. ताशी १ मिली म्हणजे मिनिटाला किलोमागे ०.१ मायक्रोग्रॅम.
- डोपामिन, डोब्युटामिन: वजन × ३ मिलिग्रॅम. ताशी १ मिली म्हणजे १ मायक्रोग्रॅम.
- मिलरिनोन: वजन × १.५ मिलिग्रॅम. ताशी १ मिली म्हणजे ०.५ मायक्रोग्रॅम.
- प्रोस्टाग्लँडिन ई-१: वजन × ६० मायक्रोग्रॅम. ताशी १ मिली म्हणजे ०.०२ मायक्रोग्रॅम.

आपल्या ४ किलोच्या बाळाला ॲड्रेनॅलिन १.२ मिलिग्रॅम लागेल. अँप्युल १ मिलीत १ मिलिग्रॅमचं असेल तर १.२ मिली औषध आणि ४८.८ मिली ५ टक्के डेक्स्ट्रोज. ०.०५ चा डोस हवा असेल तर पंप ताशी ०.५ मिली. मिलरिनोन ६ मिलिग्रॅम, म्हणजे १ मिलीत १ मिलिग्रॅमच्या अँप्युलमधून ६ मिली, वर ४४ मिली.

आता पहिल्या दोन ओळी पुन्हा पाहा. ०.३ आणि ३. रात्री तीन वाजता ॲड्रेनॅलिनची सिरिंज डोपामिनच्या सूत्राने भरली जाते ती अशी. म्हणून दुसऱ्या सिस्टरने तपासायचं ते तुमचं उत्तर वाचून नाही, तर स्वतःच्या कागदावर शून्यापासून गणित करून. ‘बरोबर आहे ना गं?’ असं विचारून मिळालेली मान ही तपासणी नाही. लेबलवर औषध, एकूण मात्रा, कशात मिसळलं, ताशी १ मिली म्हणजे किती, वेळ आणि दोघींच्या सह्या. ‘.५’ कधीच नाही, ‘०.५’ लिहायचं, ‘५.०’ सुद्धा नाही, नुसतं ‘५’.

सिरिंज बदलताना: ताशी ०.५ मिलीवर चालणारा पंप नवी सिरिंज लावली की लगेच औषध ढकलत नाही. दट्ट्याची ढील निघेपर्यंत मिनिटं जातात आणि तेवढ्यात बीपी कोसळतं. नवी सिरिंज शेजारच्या पंपावर लावा, एक्स्टेंशन पूर्ण भरा, टोकाशी थेंब दिसेपर्यंत चालवा, मग थ्री-वेवर (तीन तोंडांच्या तोटीवर) जोडून ठरलेल्या पद्धतीने अदलाबदल करा. जुनी पूर्ण संपण्याची वाट पाहू नका.

हे कधीच नाही: आयनोट्रोपच्या (ॲड्रेनॅलिन, डोपामिनसारख्या हृदयाची ताकद वाढवणाऱ्या औषधांच्या) लाईनला फ्लश नाही, त्या लाईनमधून अँटिबायोटिक नाही. पंपने अडल्याचा अलार्म दिला तर आधी पेशंटच्या बाजूचा थ्री-वे बंद करा, मग लाईनमधला दाब मोकळा करा आणि नंतर पिळलेली नळी शोधा. थ्री-वे उघडा ठेवून पीळ सोडवला की साचलेलं औषध एका झटक्यात आत जातं.

प्रोस्टाग्लँडिन चालू असेल तर दोन गोष्टी आणखी. ते थांबलं तर डक्टस बंद होऊ शकतं, म्हणून दुसरी चालू व्हेनफ्लॉन (शिरेत बसवलेली नळी) हवीच. आणि त्याने बाळाचा श्वास थांबू शकतो, म्हणून योग्य मापाचा मास्क आणि अँबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) हाताशी हवी, कपाटात नको.

## टप्पा ४: बाळ ओटीतून येण्याआधी बेड लावणं

ओटीतून फोन आल्यावर धावपळ करायची नाही. त्याआधी एक तास याच क्रमाने घ्या.

१. व्हेंटिलेटर सेट करून टेस्ट लंगवर चालवून पाहा. अँबू बॅग, मास्क, सक्शन सुरू करून तपासा.

२. ट्रान्सड्यूसर (लाईनमधला रक्तदाब मोजणारा भाग) भरा आणि एकेक थ्री-वे फिरवून बुडबुडे काढा. पातळी चौथ्या बरगडीच्या फटीजवळ, काखेच्या मध्यरेषेवर. ट्रान्सड्यूसर १० सेंमी खाली राहिला तर आकडा साधारण ७ मिमी जास्त दिसतो. मोठ्यांच्या बीपीत तेवढं खपेल. बाळाच्या सीव्हीपीत (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतला दाब) ६ चे १३ झाले तर उपचारच बदलतात.

३. पंप चार्जवर, रिकामे चॅनेल दोन जास्त.

४. पेसिंग बॉक्स (वायरमधून हृदयाला ठोके देणारं यंत्र), नवी बॅटरी, केबल.

५. इमर्जन्सी कार्ड, बाळाच्या वजनाने आधीच गणित केलेलं. ४ किलोसाठी: फ्लुइड बोलस ५ ते १० मिली प्रतिकिलो म्हणजे २० ते ४० मिली, ॲड्रेनॅलिन १:१०,००० चं ०.४ मिली, शॉक २ ते ४ जूल प्रतिकिलो म्हणजे ८ ते १६ जूल, कार्डिओव्हर्जन (लय सुधारायचा सौम्य शॉक) एकूण २ ते ४ जूल. नुकतीच छाती उघडलेल्या बाळात सर्जन ॲड्रेनॅलिनची बरीच कमी मात्रा सांगतात. युनिटची ती मात्राही कार्डावर वेगळी लिहून ठेवा.

तपासा: प्रत्येक लाईन उजेडासमोर धरून बुडबुडा पाहिला का? उजवीकडून डावीकडे रक्त जाणाऱ्या हृदयात शिरेतला बुडबुडा फुप्फुसात अडकत नाही, थेट मेंदूकडे जाऊ शकतो. मोहरीएवढासुद्धा चालत नाही.

## टप्पा ५: ओव्हर घेणं

बाळ आलं की सगळे एकदम बोलतात आणि एकदम जोडतात. क्रम असा ठेवा:

१. व्हेंटिलेटर जोडा. छाती दोन्ही बाजूंनी उठते का पाहा.

२. मॉनिटर: ईसीजी, सॅच्युरेशन, आर्टेरियल लाईन. एका वेळी एकच केबल हलवा, म्हणजे स्क्रीन कधीच पूर्ण कोरी पडणार नाही.

३. पंप. ओटीतली डायल्यूशन वेगळी असू शकते, म्हणून मिलीचा आकडा उतरवून घेऊ नका; लेबल वाचून डोस काढा.

४. ड्रेन (छातीतलं रक्त बाहेर काढणारी नळी). बाटलीवर वेळ आणि पातळीची खूण करा. युरोबॅग (लघवीची पिशवी) रिकामी करून लिहा.

५. आता सगळ्यांचे हात थांबतात आणि ओव्हर सुरू होतो. आधी भूलतज्ज्ञ, मग सर्जन. एकाने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं.

६. तुम्ही परत वाचून दाखवायचं: काय दुरुस्त केलं, काय शिल्लक ठेवलं, बायपास (हृदय-फुप्फुसाचं काम मशीनवर) आणि क्लँपची (महाधमनी चिमट्याने बंद) वेळ, लय कोणती, किती रक्त दिलं, आणि सॅच्युरेशन, बीपी व सीव्हीपी किती हवं.

तिसऱ्या आणि पाचव्या पायरीची सरमिसळ हे गोंधळाचं मूळ आहे. हातात थ्री-वे असताना कानावर पडलेली ‘एक छोटा व्हीएसडी राहिलाय’ ही माहिती कोणाच्याच कागदावर येत नाही.

## टप्पा ६: पहिले चोवीस तास

हृदयाची ताकद ओटीतून आल्या आल्या नाही, तर साधारण ६ ते १२ तासांनी सर्वात खाली जाते. दुपारी दोनला आलेलं बाळ संध्याकाळी छान दिसलं म्हणून नाईट ड्यूटीला निवांत समजू नका. तासाला एकदा हे पाहा: पाय किती वरपर्यंत गार आहेत, लघवी किलोमागे ताशी १ मिली आहे का, लॅक्टेटचा कल कुठे आहे. लॅक्टेट ४ असून उतरत असेल तर एक वेळ चालेल, २.५ असून प्रत्येक एबीजीत (धमनीतल्या रक्ताच्या तपासणीत) चढत असेल तर फोन करा.

ड्रेन. आपल्या बाळाच्या अंगात साधारण ३२० मिली रक्त आहे. एका तासात ४० मिली म्हणजे त्याचा आठवा भाग गेला. किलोमागे १० मिली एका तासात, किंवा किलोमागे ताशी ५ मिली सलग तीन तास, यापाशी बहुतेक ठिकाणी सर्जनला बोलावतात. पण खरी भीती उलट आहे: वाहता ड्रेन एकदम बंद होणं. सीव्हीपी वर, नाडी वेगात, पल्स प्रेशर अरुंद, बीपी खाली. हृदयाभोवती रक्त साचतंय. ‘ड्रेन कमी झाला, बरं झालं’ असं चार्टवर लिहून पुढे जाऊ नका. नळीत गाठ आहे का ते पाहा आणि लगेच हाक मारा.

फ्लुइड. बायपासनंतर पहिल्या दिवशी बऱ्याच युनिट्समध्ये रोजच्या गरजेच्या निम्मंच देतात. ४ किलोला पूर्ण ४०० मिली, निम्मं २०० मिली, म्हणजे ताशी ८ मिली. यात सगळं आलं: आयनोट्रोप, फ्लश, अँटिबायोटिक. तीन ट्रान्सड्यूसर लाईन ताशी १ मिलीने चालल्या तर दिवसाला ७२ मिली त्यांतच गेले. शिकाऊ नर्सच्या इनटेक चार्टवर नेमके हेच ७२ मिली सापडत नाहीत.

ताप आणि लय. शरीराचं तापमान चढलं की हृदयाची गती वाढते आणि जंक्शनल टॅकिकार्डियाला (हृदयाच्या मधल्या भागातून सुटणाऱ्या वेगवान, बिघडलेल्या लयीला) आयतं आमंत्रण मिळतं. गती अचानक वाढून एका आकड्यावर खिळून राहिली आणि रडणं-झोपणं काहीही झालं तरी हलेना, तर बारा लीडचा ईसीजी काढा आणि डॉक्टरांना बोलवा. तोवर वॉर्मर बंद करा.

सक्शन. फुप्फुसाचा दाब जास्त असलेल्या बाळात सक्शन एकटीने करायचं नाही. सांगितलेलं सेडेशन आधी, ऑक्सिजन आधी, कॅथेटर आत दहा सेकंदांच्या खाली, दुसरी व्यक्ती मॉनिटरवर. नायट्रिक ऑक्साइड (फुप्फुसाचा दाब उतरवणारा वायू) चालू असेल तर सर्किट उघडं पडू देऊ नका. अचानक तुटलं तर दाब उसळतो.

ग्लेन. डोकं वर, मान सरळ. मानेतल्या लाईनचा आकडा इथे सीव्हीपी नसून फुप्फुसाचा दाब आहे, चार्टवर तसंच लिहा.

## टप्पा ७: पेसिंग वायर आणि डाव्या कप्प्याची लाईन

छातीच्या उजवीकडून निघणाऱ्या पेसिंगच्या वायर बहुधा एट्रियमच्या (वरच्या कप्प्याच्या), डावीकडच्या व्हेंट्रिकलच्या (खालच्या कप्प्याच्या). ‘बहुधा’वर विसंबू नका, ओव्हरमध्ये विचारून लेबल लावा. वायरला हात लावताना ग्लव्ह्ज घाला आणि न वापरलेली टोकं झाकून ठेवा. थ्रेशोल्ड (ठोका पडायला लागणारा कमीत कमी करंट) रोज डॉक्टरांसोबत पाहायचा. आउटपुट साधारण त्याच्या दुप्पट ठेवतात.

डाव्या एट्रियमची लाईन असेल तर तिच्यात औषध नाही, हाताने फ्लश नाही. तिथला बुडबुडा सरळ मेंदूत. ती काढताना छातीचे ड्रेन अजून जागेवर हवेत, म्हणजे रक्त आलं तर बाहेर पडायला वाट असते. आधी ड्रेन आणि मग लाईन असा उलटा आदेश चुकून आला, तर विचारायचं धाडस करा. ते तुमचं काम आहे.

## टप्पा ८: लॉगबुक

प्रत्येक कौशल्यापुढे तीन रकाने: पाहिलं, देखरेखीखाली केलं, एकटीने केलं. त्याच शिफ्टमध्ये सही घ्या. वर्षाअखेर एका बैठकीत घेतलेल्या पन्नास सह्यांचा काही उपयोग नाही. तोंडी परीक्षेत दुसऱ्याच प्रश्नाला ते कळतं. ‘एकटीने’ची सही मिळण्याआधी त्या कौशल्यातली बिघडण्याची एक तरी शक्यता आणि तिचा उपाय तुम्हाला सांगता यायला हवा.

## टप्पा ९: घरी पाठवणं

हे शेवटच्या दिवशी फाईल देताना उरकतात. निदान तीन दिवस आधी सुरू करा, आणि आई एकटी नको. घरी औषध कोण पाजणार हे विचारून त्या व्यक्तीला बोलवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून खेड्यापाड्यांतून आलेल्या बाळांच्या घरी बरेचदा ते काम आजी करते.

१. औषध चमच्याने नाही. मिलीत ०.०५ मिलिग्रॅम असलेल्या डिगॉक्सिनच्या सिरपचा आपल्या बाळाचा डोस ०.४ मिली असेल, तर एक चमचा म्हणजे बारापटीहून जास्त. १ मिलीची सिरिंज द्या, ०.४ च्या रेघेवर चिकटपट्टी लावा आणि पाण्याने तीनदा भरून दाखवायला सांगा. उलटी झाली तर डोस पुन्हा नाही.

२. उचलणं. सुमारे सहा आठवडे काखेत हात घालून नाही. एक हात मानेखाली, एक ढुंगणाखाली.

३. पाजणं. वीस-पंचवीस मिनिटांत संपत नसेल, कपाळावर घाम येत असेल, तर ते आळशी बाळ नाही, फोन करायचा.

४. शंट असलेलं बाळ. जुलाब, उलट्या किंवा ताप आला की पाणी कमी होतं, रक्त दाटतं आणि शंट अडू शकतो. ‘उद्या बघू’ चालत नाही. ॲस्पिरिन मनाने बंद नाही.

५. डिस्चार्ज कार्डावर मराठीत तीन ओळी: बाळाचं नेहमीचं सॅच्युरेशन, कोणत्या हातात बीपी घेऊ नये, आणि विभागाचा थेट नंबर. गावातल्या दवाखान्यात ८० सॅच्युरेशन पाहून डॉक्टर घाबरतात आणि भरपूर ऑक्सिजन लावून देतात. पहिली ओळ त्यांच्यासाठी आहे.

समजलं का, असं विचारलं तर प्रत्येक जण हो म्हणतं. त्याऐवजी विचारा: ‘आजी, रात्री बाळाने दोनदा उलटी केली तर तुम्ही काय कराल?’ उत्तर बरोबर आलं की मगच डिस्चार्जच्या कागदावर सही करा.